गाण्याला झालेली शिक्षा

ठाण्याच्या जुन्या किल्ल्यातल्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाचा तो खटला. त्याची कथा मात्र पद्यांच्या एका छोट्या पुस्तिकेपासून सांगायला हवी. ती छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जून १९०९मध्ये जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबई हायकोर्टाने ती कायम केली. पद्यांत देव होते, शिवाजी महाराज होते. बचावाने पुराणेतिहासाकडे बोट दाखवले. न्यायाधीशांनी ती पद्ये ऐकणाऱ्याच्या कानाने वाचली, आणि तेवढ्यापुरते त्यांचे काव्यवाचन अचूक होते, हे मान्य करायलाच हवे. सरकारचा पुढचा हिशेब मात्र चुकला. बंडाची गाणी अभ्यासताना मला पुनःपुन्हा दिसते ते हे की, गाणे संघर्षात खरे उतरते ते त्याला शिक्षा झाल्यावर.

जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, लोकांत मिसळणारे अधिकारी म्हणून ओळखले जात. २१ डिसेंबर १९०९च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला ते आले आणि कान्हेरेंनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्यावर नेम धरला गेला तो मुख्यतः बाबारावांवरच्या खटल्यातल्या त्यांच्या सहभागामुळे. यावर कोणी म्हणेल की ब्राउनिंग पिस्तुले लंडनहून शिक्षेच्या आधीच निघाली होती. क्रांतिकारक काही निकालाची वाट पाहत बसले नव्हते. हे खरेच आहे, पण त्याने माझ्या म्हणण्याला बळच मिळते. त्या पुस्तिकेतल्या पद्यांचे कर्ते कवी गोविंद यांची पद्ये सावरकरांच्या ‘मित्रमेळा’ या मंडळात वर्षानुवर्षे गायली जात होती, पुढे शस्त्रेही आली, तरी नाशकात कलेक्टरावर कोणी गोळी झाडली नव्हती. शिक्षेने त्या रागाला माणूस दाखवून दिला.

आयर्लंडमध्येही हेच दिसते. उत्तर आयर्लंडमध्ये ऑगस्ट १९७१पासून संशयितांना खटल्याविना डांबायला सुरुवात झाली. त्यावर पॅडी मॅग्विगन यांनी ‘द मेन बिहाइंड द वायर’ लिहिले, ते आयर्लंडमध्ये खपात पहिल्या क्रमांकावर गेले आणि पुढे खुद्द गीतकारालाही डांबले गेले. दडपशाहीने गाण्याची जाहिरातच केली. मग कान्हेरेंचे काय? डब्लिनच्या तुरुंगात १ नोव्हेंबर १९२० रोजी फाशी गेलेला आयरिश बंडखोर केविन बॅरी अठरा वर्षांचा होता, कान्हेरेही तेवढेच. बॅरीवरचे गाणे दारूच्या गुत्त्यांपासून परदेशी रंगमंचापर्यंत पोहोचले. कान्हेरेंचे नाव तसे लोकांच्या ओठी बसले नाही. धाडसात काही कमी नव्हते. शिक्षेने गाण्याला धार येते, पण ते टिकायला उघडपणे जमणारा घोळका लागतो. आयरिश चळवळ तोवर घराघरांत पोहोचली होती. इथे गुप्त मंडळे मोडली की त्यांची बैठकही मोडत असे. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मात्र अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर या शाहिरांना भरलेली मैदाने मिळाली.  अण्णाभाऊंची मैनेची छक्कड विरहाच्या सुरातून बेळगाव-कारवारवरचा हक्क मांडते.