मामाची काठी

मासे धरायची काठी निवडताना 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' उपयोगी पडेल असं कुणी म्हटलं असतं तर मी हसलोच असतो. कारण त्याच विषयात माझा बॅक राहिला होता!

आमचा मामा माकणीच्या धरणावर गळ टाकणारा जुना गडी. दहा फुटी बांबू, तंगूस, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि कणकेचा गोळा, एवढंच त्याचं सामान. लातूरला रेल्वेने पाणी आणलं, त्या २०१६ च्या उन्हाळ्यातही तो सवयीने काठावर जाऊन बसायचा. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात अर्धाच परत आला. बांबू आढ्याला लागला आणि मामा बाजेवर.

मला पहिला स्टायपेंड मिळाला तेव्हा ठरवलं, मामाला रॉड आणि रीळ घ्यायची. दुकानदार म्हणाला, "नऊ फुटी घ्या, लांब फेकता येतं." मी गोंधळलो. माझा चुलतभाऊ अमेरिकेत मिनेसोटात असतो, त्याला फोन लावला. तो हसला. "इथं आम्ही गोठलेल्या तळ्यावर बसतो, बर्फाला भोक पाडतो आणि वॉलआय नावाचा मासा धरतो. काठी फक्त अडीच फुटाची. भोक पायाशीच असतं, मग लांब काठी कशाला?"

तेव्हा ट्यूब पेटली! काठी म्हणजे कँटिलिव्हर बीम आणि त्याचं फिक्स्ड एंड म्हणजे मामाचं मनगट. लोड गुणिले लांबी. तेवढ्याच ओढीला नऊ फुटी काठी सहा फुटीपेक्षा मनगटावर साधारण दीडपट ताण देणार. काठावरून थोडं तरी फेकावंच लागतं, म्हणून अडीच फूट चालणार नाही. सहा फुटी हलकी काठी घेतली.

रीळ घेतली स्पिनिंगची. तिचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं. काठी धडधाकट डाव्या हातात, हँडल उजवीकडे. मूठ बारीक होती, तिच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून जाड केली. दोर सहा किलोचा. ड्रॅग ताणकाट्यावर दीड किलोला लावला. ओढ त्याहून वाढली की आतल्या चकत्या घसरतात आणि दोर सुटत जातो, तुटत नाही. गाडीच्या क्लचसारखंच!

सोसायटीच्या माणसाला विचारून एका रविवारी माकणीला बसलो. डाव्या हाताने फेकायला मामाला तासभर लागला. दुपारी तरंगा बुडाला, रीळ करकरली, दोर सुसाट निघाला. रोहूच असणार! मी घाबरलो आणि हात घालून ड्रॅग आवळला. फट्... दोर तुटला.

मला तोंड लपवावंसं वाटलं. मामा मात्र पाण्याकडे बघत म्हणाला, "आरं भाच्या, त्याला पळू द्यायचं असतंय. मग दमून येतंय आपोआप." थोडा वेळ गेला. मग हळूच म्हणाला, "दोन वर्षं मलाबी तुम्ही असंच आवळून धरलंय की रं."

मी काहीच बोललो नाही. पुढच्या रविवारी मामा एकटाच एस.टी.ने माकणीला गेला. मामीने अडवलं नाही. संध्याकाळी पिशवीत दोन लहान चिलापी होत्या आणि मामाच्या चेहऱ्यावर जुना तोरा.

आणि हो, माझा बॅकही निघाला!