एक उंच, दहा बुटके

वडिलांच्या बदलीमुळे आमचे घर सध्या वाराणसी छावणीत आहे. उन्हाळी सुट्टीत तिथल्या लहान मुलांना फुटबॉल शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. अकरांत एकच मुलगा उंच आणि वेगवान. त्याच्याकडे चेंडू लांब मारायचा, तो गोल करणार. जिंकण्याचा सोपा मार्ग! पण एका चिमुरड्याने विचारलेच, "भैया, हमको गेंद कब मिलेगी?"

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी डोक्याला जखम झालेले बचावपटू जर्नेल सिंग यांना आघाडीला खेळवले. अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला. भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. हाताशी असलेली माणसे पाहून डाव आखायचा, हे मी त्यातून घेतले. माझ्या हाताशी दहा बुटके होते!

म्हणून आम्ही छोटे पास निवडले. काशीच्या उन्हात मुलांपेक्षा चेंडूने जास्त धावावे, हाही हिशेब होताच. पहिले दोन सामने हरलो. उंच मुलगा रुसला, पालकही कुजबुजले. मी पद्धत बदलली नाही. तिसरा सामना बरोबरीत सुटला. पण त्या दिवशी अकराही जणांनी चेंडू खेळवला होता.

उद्या तुकडी हाती आली, तर आधी माणसे ओळखेन, डाव त्यानंतर.