वैरागहून बाबांना

वैराग, शनिवार रात्री

ती. बाबांस सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा येतो, म्हणून लिहितेय. पोचले. बार्शीला एसटी तासभर थांबली, का ते कंडक्टरलाही ठाऊक नव्हतं. थंडी कडाक्याची आहे. लॉजवाला गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे 30 रुपये घेतो आणि बादली वर येईपर्यंत पाणी कोमट होतं. संतनाथाचं दर्शन झालं. जेवण मात्र झकास. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर घट्ट दही. चटणी बांधून घेतेय. तुमच्या ॲसिडिटीचं नंतर बघू.

वैराग, सोमवार

आज डोकं फिरलंय. आमच्या सरांनी पूर्वी पाहिलेला एक शिलालेख बघायला त्यांच्याबरोबर एका गावी गेलो. तिथल्या कार्यालयातल्या साहेबांनी दोन तास बसवून ठेवलं आणि विचारलं काय, तर "गुप्तधन शोधताय का?" बाहेर चहा 10 रुपये, तोही पाणचट.

एवढं होऊन देवळात गेलो तर शिळाच नाही. जीर्णोद्धार झालाय. खाली टाइल्स, भिंतींना ऑइल पेंट. एक आजोबा म्हणाले, "जुना दगुड व्हय? पायात घातला की." अगदी सहज. सर काही बोलले नाहीत. परतताना हुरडा मिळाला, तोही मला गोड लागला नाही. मंगलताईंना सिलिंडरचा नंबर लावायला सांगितलंत ना?

सोलापूर, बुधवार

काल सरांच्या घरी त्या शिळेचा ठसा पाहिला. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनीच घेतलेला. दगड घासूनपुसून त्यावर ओला कागद चिकटवायचा, ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, मग बोळ्याने वरून शाई लावायची. दगड काळा उमटतो, अक्षरं पांढरी राहतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये पिंड, शेजारी गाय-वासरू. लेख कन्नडात, इथले बरेच जुने लेख तसेच आहेत. खालच्या ओळीवर शेंदूर थापलेला होता, तिथे खाचा भरलेल्या. त्यामुळे चार अक्षरांच्या जागी नुसता काळा डाग. ती आता कायमची गेली.

आनंद कुंभारांनी नोकरी सांभाळून सोलापूर जिल्हाभर असे लेख धुंडाळले. श्रीनिवास रित्तींबरोबरचं त्यांचं या लेखांवरचं पुस्तक 1988 मध्ये आलं. हत्तरसंग-कुडलचा शके 940 चा लेखही मी पाहून आले. तुळईवर आहे, मान दुखली.

सर चीनमधल्या हुआशान देवळाच्या शिळेबद्दल सांगत होते. इ.स. 165 मधली. 1556 च्या भूकंपात ती फुटून गेली. आधी घेतलेले चार ठसे मात्र उरले: दोन बीजिंगला, एक टोकियोत, एक हाँगकाँगला. त्यांतही टोकियोतला सर्वांत पूर्ण. ठसा जितका जुना, तितका तेव्हा दगड कमी झिजलेला, म्हणून कुठलं अक्षर कुठल्या ठशात शाबूत आहे यावर तिथले विद्वान शतकानुशतकं वाद घालतायत. ऐकून मला सरांचाच राग आला. चार ठसे तीन शहरांत, म्हणून तो वाद तरी घालता येतो. यांचा एकुलता एक ठसा पत्र्याच्या नळीत, कॉटखाली, शेजारी उंदराचा पिंजरा! म्हैसूरला पुरातत्त्व खात्याच्या पुराभिलेख शाखेत हजारो ठसे जपलेले आहेत. तिथे एक प्रत का पाठवली नाही, विचारलं तर म्हणाले, राहून गेलं.

आता राहू देणार नाही. आज बॅनर छापणाऱ्याकडे मूळ मापात स्कॅन करून घेतोय. एक प्रत म्हैसूरला, एक सरांकडे, एक आपल्याकडे. म्हणून मुक्काम एका दिवसाने वाढला, रागावू नका. माझ्या कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून ठेवा. कागद सपाट ठेवायचा आहे. घडी घालायची नाही, हे मंगलताईंना दोनदा सांगा.

तुमची,
नीलू