सेक्वोयांच्या वाटेवर

आज रात्री नकाशा पसरून बसले. कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया राष्ट्रीय उद्यानात क्रेसेंट मेडोपासून हाय सिएरा ट्रेलने बेअरपॉ मेडोपर्यंत, साधारण 18 किलोमीटर. परवाना मिळाला की तारखा पक्क्या. तंबू, पाण्याचा फिल्टर आणि अस्वलाला उघडता येणार नाही असा डबा. दशम्या, मेतकूट त्यातच. टूथपेस्टसुद्धा, कारण वासाचं काहीच बाहेर ठेवायचं नाही.

पण निघण्याआधी एक अख्खा दिवस जायंट फॉरेस्टसाठी राखणार. तिथला जनरल शर्मन नावाचा सेक्वोया वृक्ष जवळजवळ 84 मीटर उंच, वय दोन हजार वर्षांच्या पुढे. अशा झाडाचा शंकू मात्र कोंबडीच्या अंड्याएवढा आणि बी ओटच्या पोह्यासारखं, चपटं, हलकं. आगीच्या धगीने शंकू उघडतात, राखेने माखलेल्या उघड्या मातीत बी रुजतं. झाडाला आगीपासून वाचवणारी साल दोन-दोन फूट जाड. तरीही 2020 आणि 2021 च्या वणव्यांत हजारो मोठे सेक्वोया मेले. शंभर वर्षं प्रत्येक लहान आग विझवत गेल्याने जंगलात जळण साठलं, त्यात दुष्काळ. हे वाचल्यापासून जीव तुटतो.

तुम्हीही कधी गेलात तर आखलेली वाट सोडू नका. या झाडांची मुळं उथळ असतात, पायांखाली माती दबली की त्यांना इजा होते.