पद्मिनी, पूर आणि कॉइलची वायर

१६ ऑक्टोबर २०२३, सोमवार

कुंभार्लीच्या चढावर गाडी पुन्हा बंद पडली. पोफळी सोडेपर्यंत सुरेख चालत होती. घाट लागला, दुसऱ्या गिअरवर घेतली, तिने दोन आचके दिले आणि इंजिन गप्प. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. मागून येणारा ट्रकवाला आपणहून थांबला. फियाट पाहून म्हणाला, ‘एसी पंपावर ओलं फडकं टाका, वेपर लॉक असणार.’ ऑक्टोबरच्या उन्हात तसा संशय येणं रास्तच. पंप इंजिनाला चिकटून असतो. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच दाबत राहतो. पण एअर क्लीनर काढून थ्रॉटल हाताने उघडला, तर कार्बोरेटरच्या गळ्यात पेट्रोलची धार पडली. चेंबर भरलेलं होतं. म्हणजे करंटकडे बघायला हवं. प्लगची वायर काढून ब्लॉकजवळ धरेपर्यंत गाडी निवली होती. सेल्फ मारला तर ठिणगी निळी, कडक. वायर लावली, गाडी चालू.

बिघाड हजर असतानाच मोजमाप व्हायला हवं. तो निघून गेल्यावर मीटर लावून काही हाती लागत नाही.

१८ ऑक्टोबर

मिस्त्रींचं म्हणणं, कॉइल, कंडेन्सर, सीबी पॉइंट, तिन्ही नवे टाकू. त्यांचा हात अनुभवी आहे, आणि गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल मीही पाहिली आहे: आतली बारीक तार तापली की तुटते, निवली की जुळते. तरी नको म्हटलं. तिन्ही एकदम बदलले आणि गाडी महिनाभर चालली, तर ती कशाने चालली हे कधीच कळणार नाही. वायरी हलल्यामुळे मूळ दोष नुसता दबला असेल, तर तो पुढच्या पावसात भर घाटात वर येईल.

‘मग करायचं काय, काका?’

‘आधी सगळं लिहून काढू.’

चढावर पडते, सपाटीवर सहसा नाही. थंड झाली की चालू होते. हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा वर सरकतो. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद पेटतो. सेल्फ जड फिरतो. आणि यातली एकही तक्रार पुराच्या आधीची नाही. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडाली होती. नंतर इंजिन-गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, सीटा वाळवल्या, वायरिंग बाहेरून पुसलं. वायरींच्या आत काय झालं ते कोणी पाहिलं नाही. त्या पुरात बुडालेल्या कितीतरी धडधाकट गाड्या भंगारात गेल्या. त्यांतल्या बऱ्याच नुसत्या वायरिंगपायी गेल्या असं मला वाटतं, आणि त्याचं वाईट वाटतं.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी

संध्याकाळी हत्यारांची पूजा, म्हणून सकाळीच अर्थिंग हातात घेतलं.

बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.१. बॅटरी आणि अल्टरनेटर दोघेही संशयातून सुटले. मग कॉइलची मधली वायर काढून अर्थ केली, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरलं आणि मिस्त्रींना सेल्फ मारायला सांगितलं. १.४ व्होल्ट! अर्धा व्होल्टसुद्धा जास्त झाला असता. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडायला तांब्याची विणलेली पट्टी असते. ती वरून ठीक दिसत होती. बोल्ट काढला तर खाली गंजाची खपली. सेल्फचा सगळा करंट मग वाट मिळेल तिथून परतायचा. चोकच्या केबलला हात लावला तर ती कोमट लागली.

जागा चकचकीत घासली, नवी पट्टी, खाली दातेरी वॉशर, वरून ग्रीस. आता ०.१५. सेल्फ मोकळा फिरतो, हेडलाइट लावल्यावर काटा हलत नाही. मिस्त्रींना वाटलं, काम झालं. मला तसं वाटत नाही. खराब अर्थिंग गाडी तापण्याची वाट बघत नाही.

२७ ऑक्टोबर

कॉइलच्या चावीकडच्या टोकाला एक वायर जोडली, बल्कहेडमधून आत आणली आणि डॅशबोर्डवर छोटा बल्ब लावला. दुसरं टोक अर्थला. गाडी पडताना बल्ब तसाच उजळ राहिला, तर दोष पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइलमध्ये. बल्ब मंदावला, तर कॉइलपर्यंत करंटच पुरा पोहोचत नाही.

मिस्त्री शेजारी बसले. सपाटीवर बल्ब स्वच्छ. घाट चढू लागलो तसा तो पिवळा पडत गेला, मग तांबूस, आणि इंजिनाने आचका दिला. मिस्त्री ओरडलेच, ‘सप्लाय!’

निवायच्या आत उतरलो. फॅन हाताने फिरवून पॉइंट मिटलेले आणले (उघडे असतील तर करंट वाहत नाही आणि मीटर खोटंच समाधान देतं). चावी लावून मोजलं: बॅटरीवर १२.४, कॉइलवर ८.२. चार व्होल्ट वाटेत कुठेतरी जिरत होते. बॅटरीवरून थेट कॉइलला तात्पुरती वायर दिली आणि उरलेला घाट गाडी एका दमात चढली.

३० ऑक्टोबर

पेपरात पद्मिनी टॅक्सीची बातमी. ताडदेव आरटीओत शेवटची नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ला. वीस वर्षांची मर्यादा संपली, आजपासून मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून, आणि १९७४पासून पद्मिनी नावाने निघालेली, १०८९ सीसीची ही गाडी. त्या टॅक्सीवाल्यांनी ती रात्रंदिवस चालती ठेवली. रस्त्याच्या कडेला, हातातल्या दोन पान्यांवर. ते ज्ञान कुठे लिहून ठेवलेलं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

दुपारी स्टिअरिंगखाली पाठीवर पडून शोध. टप्प्याटप्प्याने मोजत गेलो. बॅटरी ते चावी, ०.२. चावीच्या आत, ०.१. चावी ते कॉइल, उरलेलं सगळं. त्या वायरीवर टेपच्या वेटोळ्याखाली कधीकाळी कोणीतरी नुसता पीळ मारून केलेला जोड सापडला. टेप उकलली तर तांबं पितळी भांड्यासारखं कळंकलेलं. पुराचं पाणी तारांच्या फटींतून आत शोषलं गेलं होतं. कव्हर सोलत गेलो तर जोडापासून वीतभर तार काळी.

३१ ऑक्टोबर

काळ्या पडलेल्या तांब्याला डाग धरत नाही. चावीपासून कॉइलपर्यंत अखंड नवी वायर ओढली, थिंबल दाबून वर डाग दिला, स्लीव्ह चढवली.

मिस्त्रींनी विचारलं, चढावरच का? कॉइलमधून तीन-चार अँपिअर वाहतात, त्यावर तो जोड स्वतःच तापायचा, बॉनेटची धग त्यात भर घालायची, आणि तापला की त्याचा अडथळा वाढायचा. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर ठरते. करंट सत्तर टक्क्यांवर आला की ऊर्जा निम्मी होते. सपाटीवर निम्म्यात भागतं. चढावर ॲक्सिलरेटर दाबलेला, सिलिंडर भरलेला, दाब मोठा; त्या दाबात प्लगची फट ओलांडायला ठिणगीला जास्त जोर लागतो. तो नव्हता. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट तिन्ही जुनेच आहेत आणि उत्तम आहेत.

५ नोव्हेंबर

भर दुपारी घाट चढून हेळवाकपर्यंत गेलो आणि परत आलो. बल्ब तसाच लावलेला होता, एकदाही मंदावला नाही. मागच्या दिव्यांची अर्थिंग तेवढी राहिली आहे. होल्डर काढून घासायचे आहेत, दिवाळीच्या आत होईल.

मिस्त्रींच्या पोराने तसाच बल्ब, लांब वायर आणि क्रोकोडाइल क्लिप घेऊन गॅरेजसाठी दिवा बनवला. संध्याकाळी एक जुनी पेट्रोल व्हॅन आली, तीही पुरात बुडालेली. मालक विकायच्या बेतात. पोराने कोणी सांगायच्या आधी पॉइंट मिटवून कॉइलवर मोजलं: १०.१. बॅटरीवर १२.५. उद्या सकाळी चावीपासून मोजत यायचं ठरलं आहे.