सादळलेले चणे आणि जपानी वैताग

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत चण्याचं दुकान, म्हणजे जून ते सप्टेंबर घरात वैताग वस्तीला. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे दुसरं काय होणार? कपडे वाळत नाहीत, आंबेनळी घाटात दरडी येतात. त्या घरातल्या मुलीच्या कानावर लहानपणापासून हेच पडलं : "चणे पार सादळून गेले." "नेमकी आत्ताच लाइट जाऊन बसली." "काय करून ठेवलंस हे!" आजीचा राग थेट पावसावर : "मेल्यानं जीव नकोसा केलाय."

पुढे ती जपानी शिकायला पुण्यात आली. वर्गातल्या निम्म्या पोरांना 'मेंदोकुसाइ' आधीच येत होतं, ॲनिमेची कृपा. कटकटीच्या कामाला मित्रांत हा शब्द छान चालतो. साहेबांनी सांगितलेल्या कामाला लावला तर उद्धटपणा. 'उरुसाइ'ही तसाच. अर्थ गोंगाटाचा, पण ओरडून म्हटलं की 'गप्प बस!'

खरा वैताग मात्र शब्दांत नव्हता, क्रियापदाच्या शेपटीत होता. 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाच्या 29व्या धड्यात 'ते शिमाउ' येतं : नको ते होऊन बसलं, आता इलाज नाही. सादळलेल्या खाऊला जपानी माणूस 'शिकेत्ते शिमात्ता' म्हणतो. दुकानातलं 'सादळून गेले' ते हेच! वर्गात याचं स्पष्टीकरण इंग्रजीतून चाललं होतं आणि मुलं डोकं खाजवत होती.

37व्या धड्यातला कर्मणी प्रयोग अवघड, पण मजा त्यातच आहे. महाबळेश्वरच्या ऑर्थर सीट पॉइंटला माकडानं कणीस पळवलं, तर 'सारु नि तोओमोरोकोशि ओ तोरारेता'. पळवलं माकडानं, पण वाक्य उभं राहतं ते ज्याचं कणीस गेलं त्याच्या बाजूनं. माकडाला शिवी नाही. झळ कुणाला बसली तेवढं कळतं. पाऊससुद्धा यातून सुटत नाही : 'आमे नि फुरारेता'. 'पडणे'सारख्या अकर्मक क्रियापदाला मराठीत असं वाकवता येत नाही. आपण 'पावसानं गाठलं' म्हणतो आणि दोष त्याच्या माथी मारून मोकळे होतो.

नोकरी लागल्यावर जपानी गिऱ्हाइकांशी रोजचं बोलणं सुरू झालं. तिथे आवाज चढत नाही. 'चोत्तो कोमारिमासु ने', म्हणजे 'जरा अडचण होतेय', एवढंच येतं आणि ऐकणाऱ्यानं हातातलं काम टाकून धावायचं असतं. साताऱ्याकडच्या कानाला हा राग वाटतच नाही. तो ओळखायला तिला वर्ष लागलं. हे कुठल्या धड्यात नसतं, माणसांत राहूनच येतं.

धड्यांचं तसं नाही. मराठी मुलाला 'ते शिमाउ' शिकवायला इंग्रजीचा वळसा घेणं हा शुद्ध आडमार्ग आहे. 'करून बसला', 'जाऊन बसली', 'करून ठेवलंस' ही रूपं त्याच्या तोंडात असतातच. शिक्षकांनी निदान तो 29वा धडा तरी मराठीतून शिकवून पाहावा.