अ‍ॅसायलेजरावांचं बिऱ्हाड

या, ओळख करून देतो. हे पेनिसिलिन-जी अ‍ॅसायलेज. कूळ प्रथिनांचं, मूळ गाव ई-कोलाय जिवाणू, धंदा कापायचा. औषधांच्या कारखान्यात यांची फार बडदास्त असते, तेव्हा आपणही राव म्हणू.

राव कापतात ती पेनिसिलिनची शेपटी. ती गेली की उरतं सिक्स-एपीए, म्हणजे अँपिसिलिन-अमॉक्सिसिलिनचा पाया. ऐकायला सोपं वाटतं, पण पेनिसिलिनमध्ये एकाच जातीचे दोन बंध असतात. एक शेपटीचा, दुसरा त्या नाजूक चौकोनी कड्यातला, ज्याच्यावर औषधाची सगळी मदार. दुसऱ्या कोणी हात घातला की आधी कडं तुटतं. राव मात्र कड्याला धक्का न लावता नेमकी शेपटी उडवतात. पूर्वी रसायनतज्ज्ञ हेच काम उणे 40 अंशांवर, फॉस्फरस पेंटाक्लोराइड वापरून करायचे. राव ते साध्या पाण्यात, 30 अंशांच्या आसपास उरकतात. थोडा माज असणारच.

खोडी म्हणाल तर नखरे. जी-पेनिसिलिन आवडीचं, व्ही-पेनिसिलिन समोर ठेवलं तर जेमतेम हात लावतात. शेपटीत ऑक्सिजनचा एक अणू जास्त, एवढंच निमित्त! व्ही कापणारा निराळा. त्याची रचना 1999 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या आणि यॉर्कच्या संशोधकांनी मिळून उलगडली, तेव्हा दोघांचं दूरचं नातंही निघालं. राव त्याचा विषय काढत नाहीत.

मोकळे सोडले तर राव भलतेच बेभरवशाचे. पाण्यात विरघळले की परत हाती लागत नाहीत, वर मालात मिसळून तो खराब करतात. उष्णता वाढली की घडी विस्कटते आणि कारभार आटोपतो. एवढा महागडा कारागीर एका घाण्यात संपला, तर कारखाना चालायचा कसा?

म्हणून त्यांना खोली घेऊन दिली. अ‍ॅक्रिलिकचे रव्यासारखे बारीक दाणे, आणि प्रत्येक दाण्यात छिद्रांची चाळ. रावांची अंगलट सात नॅनोमीटरच्या आसपास. दार अरुंद असलं तर उंबऱ्यातच अडतात; खोल्या फार ऐसपैस केल्या तर भिंती कमी पडतात आणि तेवढ्याच चाळीत बिऱ्हाडं कमी मावतात.

आत शिरायलाही राव सहजी तयार नसतात. त्यासाठी पाणी चांगलं खारट करावं लागतं. मग ते भिंतीला टेकतात आणि भिंतीवरचे इपॉक्सी गट त्यांना पक्के धरतात. एका जागी धरलं तर वळवळ चालूच राहते. चार-पाच जागी धरलं की अंग ताठ होतं, आणि मग थोडंफार गरम झालं तरी घडी मोडत नाही.

अर्थात कुरकुर आहेच. भिंतीला जखडल्यावर पहिली चपळाई राहत नाही. पेनिसिलिनला बोळाबोळातून आत यावं लागतं. शिवाय कापलेली शेपटी, म्हणजे फेनिलअ‍ॅसेटिक आम्ल, दारातच साचतं. त्यानं खोली आंबट होते आणि रावांचा हात अडतो. स्वतःच केलेल्या कचऱ्याचा एवढा त्रास दुसऱ्या कोणाला होत नसेल!

टाकीपाशी उभं राहून पाहिलं तर हा स्वभाव कळतो. आम्ल वाढेल तसा पंप थेंबाथेंबानं अल्कली सोडतो. अल्कलीचा खप थांबला, की ऑपरेटर ओळखतो, रावांचं काम झालं. झडप उघडते, द्राव तळाच्या जाळीतून निघून जातो, दाणे वरच राहतात. लगेच पुढचा घाणा. असे शेकडो घाणे तेच राव, त्याच खोल्यांतून काढतात. वेग थोडा गेला, आयुष्य मात्र कितीतरी वाढलं.

राव स्वतःला या चाळसंस्कृतीचे मूळपुरुष समजतात. समजू द्या. 1916 मध्येच नेल्सन आणि ग्रिफिन यांनी यीस्टचं इन्व्हर्टेज कोळशावर बसवलं होतं, आणि ते तिथंही साखर फोडत राहिलं. 1969 मध्ये जपानच्या तानाबे कंपनीत चिबाटा यांच्या चमूनं अमिनोअ‍ॅसायलेज बांधून कारखान्यात राबवलं. राव आले ते त्यानंतर.

एक गुण मात्र मान्य करायलाच हवा. परिस्थिती जमवून दिली तर हेच राव उलटं काम करतात, सिक्स-एपीएला नवी शेपटी जोडून अमॉक्सिसिलिन बनवतात. तोडणाराच जोडणाराही, अशी माणसं तरी किती भेटतात?

माझं मत विचाराल तर मोकळे राव हुशार आणि बांधलेले राव उपयोगी. निम्मं श्रेय त्या सच्छिद्र खोलीचं.